‘अचानक’ हा शब्द आधी खोडा

प्रति,
अधीक्षक आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
मनोरुग्णालय

विषय : आक्रमक रुग्णांबाबतचं नवं परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात रात्रपाळीत आमच्या एका ब्रदरच्या जबड्याचं हाड मोडलं. पाचव्या दिवशी आपलं परिपत्रक वॉर्डातल्या फळ्यावर लागलं. त्यातलं पहिलंच वाक्य ‘रुग्णाने कर्मचाऱ्यावर अचानक केलेल्या हल्ल्याच्या पार्श्वभूमीवर’ असं सुरू होतं. पुढे पाच मुख्य आदेश आहेत. ज्याच्या केस पेपरवर पूर्वी कधी ‘आक्रमक’ असं लिहिलं गेलं आहे, त्याला दाखल झाल्यावर पहिली रात्र पट्ट्यांनी बांधून ठेवायचं. बांधण्याच्या ऑर्डरवर डॉक्टरांनी ‘गरज पडल्यास’ असं लिहून आगाऊ सही करायची. वॉर्डाच्या आत दोन सुरक्षारक्षक बसवायचे. नातेवाइकांच्या भेटी आणि फोन आठवड्यातून दोनदाच. आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ‘मनुष्यबळाअभावी’ पुढे ढकलायचं.

यावरचं माझं म्हणणं मी आधी आपल्या कार्यालयात लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांची आई, भाऊ किंवा मुलगा अशा एखाद्या वॉर्डात आहे त्यांनाही हे कळायला हवं. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. त्या रात्रीचा रुग्ण आजही आमच्याकडे आहे आणि त्याला कोणी ओळखावं अशी माझी इच्छा नाही.

मी १६ वर्षं मनोरुग्णालयात परिचारिका आहे, त्यातली बहुतेक वर्षं तीव्र आजाराच्या वॉर्डात. मार काय असतो हे मला सांगावं लागत नाही. माझं उजवं मनगट मोडलेलं आहे. एका बाईंना रविवारी आपला मुलगा भेटायला येणार का, एवढंच विचारायचं होतं. मी रजिस्टर भरत होते. ‘नंतर बघू’ असं मी तीन वेळा म्हणाले, तिन्ही वेळा मान वर न करता. चौथ्या वेळी त्यांनी समोरचं स्टूल उचललं. घटनेच्या फॉर्मवर मी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : ‘रुग्णाने अचानक हल्ला केला.’ तो शब्द मीच लिहिला होता. तो खोटा होता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण फॉर्मवर ‘मी तीन वेळा टाळलं’ असं लिहायला जागा नव्हती, आणि लिहिलं असतं तर मेमो मला मिळाला असता.

म्हणून या एका शब्दावर मी अडून बसले आहे.

ब्रदरच्या त्या रात्रीचं पाहा. वॉर्डात ३८ रुग्ण आणि ड्युटीवर दोघं. त्या रुग्णाचा डोस तीन दिवसांपूर्वी वाढवला होता. संध्याकाळपासून तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. खाटेवर बसायचा, लगेच उठायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहायचा. घरी फोन कधी लावून देणार, हे त्याने ब्रदरला चार वेळा विचारलं. हे सगळं मला त्या रात्री ड्युटीवर असलेल्या मावशींनी सांगितलं. आपल्या चौकशीत मावशींना कोणी बोलावलंच नाही. संध्याकाळपासून येरझाऱ्या आणि चार वेळा विचारणा, याला अचानक कसं म्हणायचं?

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण सायकोसिसवरची, म्हणजे भास-भ्रमांच्या तीव्र आजारावरची, काही औषधं सुरू केल्यावर किंवा त्यांचा डोस वाढवल्यावर काही जणांना आतून अशी तगमग सुटते की पाय थांबत नाहीत. याला अकॅथिसिया म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं की माणूस चिडलाय, भांडायच्या बेतात आहे. मग त्याला शांत करायला त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं जातं आणि तगमग वाढते. त्या रुग्णाला हेच झालं होतं का, मला माहीत नाही. माझी तक्रार ही की कोणी तपासलंच नाही. जसं अकॅथिसियाचं, तसंच लघवीचा संसर्ग, दारू सुटल्यानंतरची थरथर आणि भ्रम, रक्तातली साखर उतरणं, दुखणारा दात यांचं. यातलं काहीही माणसाला हात उगारायला लावू शकतं आणि यातलं काहीही पट्ट्याने बरं होत नाही.

नॉर्वेतल्या ब्रोसेट इथल्या अभ्यासातून तयार झालेली एक तक्ता-पद्धत आहे, ‘ब्रोसेट चेकलिस्ट’ नावाने ती जगभर वापरली जाते. तिच्यात सहा गोष्टी पाहायच्या असतात. रुग्ण गोंधळलेला आहे का, चिडचिडा झालाय का, आरडाओरडा-आदळआपट करतोय का, तोंडाने धमकी देतोय का, अंगावर येण्याचा आविर्भाव आहे का, वस्तूंवर राग काढतोय का. प्रत्येकी एक गुण. पुढच्या २४ तासांत काही घडण्याचा धोका किती, याचा त्यातून अंदाज येतो. दर पाळीला एका रुग्णामागे काही मिनिटं लागतात, मशीन लागत नाही की पैसे लागत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या तीव्र आजाराच्या वॉर्डांमध्ये रोजच्या कामात हा तक्ता वापरून पाहिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी आणि बळाचा वापर २७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आमच्या हँडओव्हरमध्ये मात्र अजूनही ‘पेशंट १२ नंबर, जरा त्रास देतोय’ एवढंच सांगितलं जातं. त्रास म्हणजे नक्की काय, ते पुढच्या पाळीला कळत नाही.

आता एकेका आदेशाबद्दल.

आगाऊ सहीची ऑर्डर मला सगळ्यात जास्त खटकते. बांधणं हा उपचार नव्हे. धोका अगदी दारात असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तरच त्या क्षणापुरता तो निर्णय घ्यायचा असतो. तो क्षण उगवण्याआधीच सही झाली, तर दुसरे मार्ग संपले की नाहीत हे तपासणार कोण? अमेरिकेत रुग्णालयांना लागू असलेल्या केंद्रीय नियमांत बांधण्याची ऑर्डर कायमस्वरूपी किंवा ‘गरज पडल्यास’ अशी लिहायला स्पष्ट मनाई आहे. हिंसक वागण्यासाठी दिलेली ऑर्डर प्रौढ रुग्णाला एका वेळी जास्तीत जास्त ४ तास चालते, आणि बांधल्यापासून तासाभरात त्याला प्रत्यक्ष तपासावं लागतं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं की बांधणं हा तातडीची इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असेल तेव्हाच, तिथे जबाबदार असलेल्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी आवश्यक तेवढाच वेळ बांधता येतं. नोंद करावी लागते, रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. आणि त्याच कलमात असंही आहे की शिक्षा म्हणून किंवा धाक बसावा म्हणून बांधायचं नाही, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही. ३८ जणांमागे दोघं असताना हातात आगाऊ सही दिली, तर तिचा वापर नेमका कशासाठी होणार, हे आपणही जाणता.

पहिल्या रात्री बांधण्याच्या आदेशाचंही तसंच. ‘आक्रमक’ हा शिक्का एकदा केस पेपरवर बसला की निघत नाही. दहा वर्षांपूर्वी तापाच्या भ्रमात कोणाला ढकललं असेल, तरी तो माणूस पुन्हा दाखल होताना दरवेळी तोच शिक्का नव्याने लिहिला जातो. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कधीच कोणावर हात उगारत नाहीत. जे उगारतात त्यांच्यातही बरेच जण भीतीपोटी उगारतात. अशा माणसाची पहिली रात्र, अनोळखी जागा, अनोळखी चेहरे, आणि त्याला आपण खाटेला बांधणार. एका रुग्णाने बरा झाल्यावर मला विचारलं होतं, ‘सिस्टर, त्या रात्री मला लघवीला जायचं होतं. मी ओरडत होतो ते त्यासाठी. तुम्हाला काय वाटलं?’ मला काय वाटलं होतं ते मी त्याला सांगू शकले नाही. केस पेपरवर त्या रात्रीची ओळ मी नंतर वाचली : ‘रुग्ण आरडाओरडा करत असल्याने बंधन चालू ठेवले.’

बांधलेल्या माणसाला आगीतून पळता येत नाही, हेही मी या पत्रात लिहून ठेवते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ जण गेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. आपल्याकडे साखळ्या नाहीत, कापडी पट्टे आहेत, हे मला मान्य आहे. पण रात्री आग लागली तर पाच खाटांचे पट्टे दोघांनी किती वेळात सोडायचे? आमच्या वॉर्डात तशी कवायत कधी झालेली नाही.

सुरक्षारक्षकांबद्दल मला राग नाही. दारावर ते हवेतच. वॉर्डाच्या आत मात्र त्यांनी काय करायचं हे कोणी त्यांना शिकवलेलं नाही. माणूस पेटलेला असतो तेव्हा त्याच्याशी एकाच व्यक्तीने बोलायचं असतं. निदान दोन हात अंतर ठेवायचं. त्याची दाराकडची वाट अडवायची नाही आणि आपलीही अडू द्यायची नाही. हात उघडे, दिसतील असे. वाक्यं छोटी, आणि एक वाक्य बोलल्यावर थांबायचं, कारण त्या अवस्थेत ऐकलेलं आत जायला वेळ लागतो. त्याचं म्हणणं खोडायचं नाही, त्याला हवं असलेलं देता येत नसेल तर देता येण्याजोगं काहीतरी पुढे करायचं. ‘फोन आत्ता लागणार नाही, सकाळी आठ वाजता मी स्वतः लावून देते. तोवर इथे बसायचं की व्हरांड्यात चालायचं?’ एवढ्याने दरवेळी भागतं असा माझा दावा नाही. पण पुष्कळदा भागतं. गणवेशातली दोन माणसं मागे उभी असली की हे बोलणं सुरूच होत नाही. रुग्ण माझ्याकडे पाहतच नाही, त्यांच्या काठीकडे पाहतो.

आणि बोलून भागलं नाही तर पुढे काय होतं, त्याचीही मला धास्ती आहे. न शिकलेली चार माणसं एखाद्याला खाली पाडतात तेव्हा तो पालथा पडतो आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर गुडघा टेकतं. छाती फुलायला जागा उरत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, आणि धडपडतोय म्हणून त्याला आणखी दाबलं जातं. इंग्लंडमध्ये १९९८ साली एका मनोरुग्णालयात एक रुग्ण असाच पालथा दाबून धरलेला असताना गेला. त्या मृत्यूच्या चौकशी समितीने पालथं धरायची मर्यादा तीन मिनिटं असावी असं सुचवलं. २०१० मध्ये लंडनच्या एका मनोरुग्णालयात पोलिसांनी दाबून धरल्यानंतर २३ वर्षांचा एक तरुण दगावला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर स्वतंत्र कायदा झाला. आपल्या परिपत्रकात ‘पालथे’ हा शब्दसुद्धा नाही.

इंजेक्शनचा विषय परिपत्रकाने एका ओळीत संपवला आहे, ‘तातडीने शामक द्यावे.’ कोणतं? रिओ दी जानेरो आणि वेल्लोर इथल्या तातडीच्या विभागांत या प्रश्नावर नीट चाचण्या झालेल्या आहेत, आणि हॅलोपेरिडॉल या सायकोसिसवरच्या औषधाबरोबर प्रोमेथाझिन हे झोप आणणारं औषध देणं गुणकारी ठरलं आहे. हॅलोपेरिडॉल एकटं दिलं तर काहींची मान, जीभ, जबडा आखडतो. आमच्याकडे प्रोमेथाझिनचा साठा महिनाअखेरीस संपतो आणि मग एकटंच हॅलोपेरिडॉल दिलं जातं. ज्याची मान एकदा अशी वाकडी झाली, तो पुढच्या वेळी सुई पाहताच लाथा मारणारच. ओलान्झापिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं एकाच वेळी देऊ नयेत, हे नव्या कर्मचाऱ्याला सांगणारा एक कागदही ड्रेसिंग रूममध्ये लावलेला नाही. इंजेक्शननंतर नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध हे सगळं ठरल्या वेळेने पाहत राहावं लागतं, आणि रुग्ण गाढ झोपला असेल तर अधिक वारंवार. झोपला म्हणजे सुटलो, असं मानणारी पाळी मी पाहिली आहे. मीही तशी वागले आहे.

भेटी आणि फोन कमी करण्याचा आदेश वाचून मावशी म्हणाल्या, ‘ताई, फोनवरूनच तर झालं ना सगळं?’ मला यावर जास्त काही लिहायचं नाही. इंग्लंडमध्ये ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांमध्ये तपासली गेली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीचं इंजेक्शन असले उपाय २६ टक्क्यांहून जास्त घटले. त्यासाठी त्यांनी काय केलं? नकार द्यायचा तर सौम्य शब्दांत द्यायला शिकवलं. घरून वाईट बातमी येणार असेल तर आधीच ओळखून रुग्णाजवळ कोणीतरी बसायचं ठरवलं. हँडओव्हरमध्ये प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची सवय लावली. घटना घडून गेल्यावर बाकीच्या रुग्णांना धीर दिला. यातलं एकही काम रक्षकाचं नाही, आणि फोन बंद करून यातलं एकही होत नाही.

मी पट्टे जाळून टाका असं म्हणत नाही. स्वतः बांधलं आहे, पुढेही कदाचित बांधावं लागेल. एकदा एकाने दुसऱ्या रुग्णाचा गळा धरला होता, तेव्हा आम्ही पाच जणांनी त्याला धरलं. ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. पण १८३९ मध्ये डॉक्टर जॉन कॉनॉली यांनी इंग्लंडमधल्या हॅनवेलच्या सुमारे ८०० रुग्णांच्या मनोरुग्णालयाचा ताबा घेतला आणि काही महिन्यांत तिथले पट्टे, बेड्या, बांधायच्या खुर्च्या बंद केल्या. तेव्हा आजची औषधं नव्हती. माणसं नेमली आणि त्यांना रुग्णांशी वागायला शिकवलं, यावर त्यांचा भर होता. आपल्या परिपत्रकात माणसं नेमण्याचा आदेश नाही, आणि शिकवणं मनुष्यबळाअभावी पुढे ढकललं आहे.

शेवटची तक्रार त्या ब्रदरची आहे, त्याला विचारून लिहिते आहे. जबड्याला तारा बांधलेल्या असताना त्याची रजा त्याच्या स्वतःच्या खात्यातून कापली गेली. आपल्या कार्यालयातून त्याला एक फोन गेला, तो घटनेच्या फॉर्मवर सही राहिली म्हणून. त्या रात्री तुला काय दिसलं, तू घाबरला होतास का, आता झोप लागते का, हे कोणी विचारलं नाही. रुग्णालाही विचारलं नाही. त्याला नऊ तास बांधून ठेवलं, आणि नंतर त्याच्याशी त्या विषयावर एकही माणूस बोलला नाही. दोघं आता एकमेकांना घाबरतात आणि दोघांना पुन्हा त्याच वॉर्डात राहायचं आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

आगाऊ सहीची ऑर्डर आणि पहिल्या रात्री बांधण्याचा आदेश आजच रद्द करा. प्रत्येक बंधनाची स्वतंत्र ऑर्डर, सुरू केल्याची व सोडल्याची वेळ, कारण, आधी काय करून पाहिलं आणि त्या काळात कोणी कधी तपासलं, हे एका वहीत लिहिलं जावं. त्या वहीचे महिन्याचे आकडे वॉर्डाच्या फळ्यावर लावा, आम्हालाही पाहू द्या.

रात्रपाळीला तीव्र आजाराच्या वॉर्डात किमान चार जण द्या. एवढं लगेच जमत नसेल, तर कर्मचारी भरती होईपर्यंत नवे रुग्ण दुसऱ्या वॉर्डांत विभागून दाखल करा.

दर पाळीला ब्रोसेटचा तक्ता भरायला सुरुवात करा आणि गुण वाढले की डॉक्टरांनी येऊन रुग्णाला तपासावं, अकॅथिसियासकट, असा लेखी नियम करा.

प्रशिक्षण सुरू करा, आणि त्यात मामा, मावशी आणि सुरक्षारक्षकही असू द्या. बोलून शांत करणं आधी शिकवा, धरणं नंतर. पालथं पाडून धरण्यावर बंदी घाला. कोणी तसं पडलंच तर त्याला ताबडतोब कुशीवर किंवा उताणं करायचं, हे प्रत्येकाला हाताने करून दाखवा.

फोन आणि भेटी पूर्ववत करा. प्रोमेथाझिनचा साठा महिनाभर पुरेल असा ठेवा. बांधलेल्या रुग्णांसह आगीची कवायत घ्या.

घटनेनंतर तीन दिवसांच्या आत रुग्ण आणि कर्मचारी दोघांशी बोला, वेगवेगळं, आणि दोष शोधायला नव्हे. जखमी कर्मचाऱ्याला भरपगारी रजा द्या. घटनेच्या फॉर्मवर ‘हल्ल्याआधीचे दोन तास’ असा रकाना छापा, आणि त्यात खरं लिहिणाऱ्याला मेमो मिळणार नाही असं लेखी द्या.

ब्रदर येत्या सोमवारी रुजू होतो आहे, रात्रपाळीलाच. त्याआधी त्याला आणि मावशींना आपल्या केबिनमध्ये बोलवा आणि त्या रात्रीचं त्यांच्या तोंडून ऐका. मी त्यांच्यासोबत येईन.

आपली,
तीव्र आजाराच्या वॉर्डातली एक परिचारिका